हातातलं आणि हाताबाहेरचं

घटस्फोटाच्या कागदपत्रांत मुलाचं नाव येतं ते साधारण तीन ठिकाणी: ताबा कोणाकडे, खर्च कोणाचा आणि भेट कोणत्या वारी. परस्परसंमतीनं वेगळं होऊ पाहणाऱ्या नवरा-बायकोला हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ ब नुसार फेरविचारासाठी सहा महिने मिळतात. ही मुदत माफ करता येते, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ साली सांगितलं; पण निदान मुदत आहे, विवाह समुपदेशक आहेत, वकील आहेत, मध्यस्थ आहेत. आठ वर्षांच्या मुलीसाठी यातलं काय आहे? फार तर एखाद्या तारखेला तिला न्यायाधीशांच्या दालनात नेतात आणि ‘तुला कोणाकडे राहायला आवडेल?’ असं विचारतात. मायेनंच विचारतात. दुसऱ्या दिवशी तो प्रश्न डोक्यात घेऊन ती शाळेत जाते आणि बाकावर बसून भागाकार करते. त्याच वर्गात मागच्या बाकावर कदाचित आणखी एक मुलगा असतो, त्याच्याही घरी हेच चाललेलं असतं. दोघांना एकमेकांचा पत्ता नसतो.

या दोघांना आठवड्यातून एकदा एका खोलीत बसवायचं, सोबत आणखी चार-पाच मुलं आणि तयारी केलेली दोन मोठी माणसं, असा उपक्रम अमेरिकेत आणि नंतर युरोपात चाळीसहून अधिक वर्षं चालू आहे. त्याची ओळख मराठी शिक्षकांना, समुपदेशकांना आणि पालकांना करून द्यावी, एवढाच या पुस्तिकेचा हेतू आहे. पुढच्या प्रकरणांत सत्रांचे आराखडे, खेळ आणि पालकांना द्यायची पत्रं आहेतच. हे काम आलं कुठून, ते कशामुळे चालतं आणि कुठे कमी पडतं, हे मात्र आधी सांगायला हवं. नाहीतर पुस्तिका म्हणजे नुसती खेळांची वही होईल.

सुरुवात कायद्यापासून झाली. कॅलिफोर्नियात १९७० पासून जोडीदाराचा दोष सिद्ध न करता घटस्फोट मिळू लागला आणि हळूहळू बाकीची राज्यं त्या वाटेनं गेली. (सर्वांत शेवटी न्यूयॉर्क, थेट २०१० साली. मुलांच्या गटांचं सर्वांत नेटकं काम मात्र याच राज्यात झालं.) सत्तरच्या दशकात अमेरिकेत दरवर्षी दहा लाखांहून अधिक मुलं आईवडिलांच्या घटस्फोटाला सामोरी जाऊ लागली. तोवर मानसशास्त्राच्या लेखी घटस्फोट हा मोठ्यांचा मामला होता. १९७१ साली ज्युडिथ वॉलरस्टीन आणि जोन केली यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेकडच्या मरिन काउंटीत ६० कुटुंबांतल्या १३१ मुलांशी बोलायला सुरुवात केली. तीन-चार वर्षांची मुलं सुटलेल्या सवयींकडे परत जात होती: अंथरूण ओलं करणं, आईला चिकटून बसणं. सहा ते आठ वर्षांची मुलं उघड उघड झुरत होती, बहुधा घर सोडून गेलेल्या वडिलांसाठी. नऊ-दहाच्या पुढची मुलं संतापलेली होती आणि त्यांतली काही आई किंवा बाप यांपैकी एकाच्या बाजूनं कंबर कसून उभी होती. वयाप्रमाणे दुःखाचा आकार बदलतो, हे या अभ्यासानं दाखवलं. आणि आणखी एक गोष्ट, जी मला सर्वांत अस्वस्थ करते: पुष्कळ लहान मुलांना घरात काय घडतंय हे कोणी समोर बसवून सांगितलंच नव्हतं. एका सकाळी वडिलांचे बूट दारात नसतात, आणि मूल आपल्या परीनं त्याचा अर्थ लावत बसतं.

वॉलरस्टीन यांनी या मुलांचा माग पंचवीस वर्षं ठेवला आणि त्यांचे निष्कर्ष अधिकाधिक काळे होत गेले. त्यांच्यावर रास्त आक्षेप घेतले गेले: कुटुंबं सुखवस्तू भागातली, संख्या थोडी, आणि न मोडलेल्या घरांशी सुरुवातीपासूनची धड तुलना नाही. व्हर्जिनियात मेव्हिस हेदरिंग्टन यांनी तशी तुलना केली. त्यांच्या हिशेबानं घटस्फोट झालेल्या घरांतल्या साधारण चारांतल्या एका मुलाला गंभीर, टिकून राहणाऱ्या अडचणी येतात. इतर घरांत हे प्रमाण दहांतलं एक. हा आकडा दोन्ही बाजूंनी आपापल्या सोयीनं वाचला. एक म्हणाले, धोका दुपटीहून जास्त आहे. दुसरे म्हणाले, चारांतली तीन मुलं तर ठीकच निघतात. दोन्ही खरं आहे. पण त्या तिघांना काहीच झालं नाही असं कोणी समजू नये. निदान करण्याजोगा आजार नसणं आणि रात्री झोप लागणं या निराळ्या गोष्टी आहेत.

संशोधक वाद घालत असताना शाळांतल्या माणसांनी मात्र वाट पाहिली नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या बॉल्स्टन स्पा या लहानशा गावात १९७८ साली एलिझाबेथ मॅकगोनॅगल या शालेय समाजसेविकेनं अशा मुलांना डब्याच्या सुट्टीत एकत्र बसवायचा प्रघात पाडला. ‘बनाना स्प्लिट्स’ नावानं तो पुढे अनेक शाळांत गेला. शिकागोकडे सुझी येल मार्टा या तीन मुलग्यांच्या घटस्फोटित आईनं १९८३ साली ‘रेनबोज’ सुरू केलं. त्याची मुळं कॅथलिक पॅरिशांत होती, पुढे ते अनेक देशांत पसरलं, आणि घटस्फोटाबरोबरच पालकाच्या मृत्यूनं पोरक्या झालेल्या मुलांनाही त्यानं सामावून घेतलं. मिशिगनमध्ये नील कॅल्टर, व्हर्जिनियात आर्नल्ड स्टोलबर्ग विद्यापीठांच्या बाजूनं तेच करत होते. पण ज्या कामाकडे बघून ही पुस्तिका उभी राहिली, ते रॉचेस्टरचं.

रॉचेस्टर म्हणजे कोडॅकचं गाव. तिथल्या विद्यापीठात एमरी कोवेन यांनी १९५७ पासून एक साधा विचार चालवला होता: मूल आजारी पडून दवाखान्यात यायची वाट न पाहता, शाळेतच, पहिल्या-दुसऱ्या इयत्तेतच त्याच्या अडचणीला हात घालावा. त्यांच्या सहकारी जोआन पेड्रो-कॅरोल यांनी १९८२ साली घटस्फोटित पालकांच्या मुलांसाठी शाळेत चालवायचा गट तयार केला. आधी चौथी ते सहावीच्या मुलांसाठी, मग त्याहून लहानांसाठी आणि सातवी-आठवीसाठी वेगवेगळे आराखडे केले. गटात चार ते आठ मुलं. आठवड्यातून एक बैठक. वयानुसार दहा ते सोळा आठवडे. चालवायला दोन जण, शक्यतो एक स्त्री आणि एक पुरुष. या शेवटच्या अटीकडे आपल्याकडे पहिल्यांदा दुर्लक्ष होईल, कारण शाळेत समुपदेशक असलाच तर ती बहुधा एकटी ताई असते. पण ज्या मुलाच्या घरात स्त्री आणि पुरुष एका खोलीत शांतपणे बोललेलं त्यानं बरेच महिने पाहिलेलं नाही, त्याच्यासमोर एक ताई आणि एक दादा एकमेकांचं ऐकून घेत तासभर काम करतात, हे पाहणं हासुद्धा कार्यक्रमाचाच भाग आहे.

या गटात मुलं काय करतात? भावनांची नावं शिकतात. रागाखाली बऱ्याचदा भीती असते हे चित्रांतून, नकलांतून ओळखतात. घटस्फोट, ताबा, भेट या शब्दांचे अर्थ विचारतात, कारण घरात हे शब्द कानावर पडलेले असतात पण विचारायची सोय नसते. लहानांसाठी धीट डायनोसॉरांचा एक पटावरचा खेळ आहे: सोंगटी ज्या घरात पडेल तिथला प्रश्न डायनोसॉरला पडलेला असतो आणि मुलं त्याला सल्ला देतात. कॅल्टर यांनी मिशिगनमध्ये हीच युक्ती निराळ्या रीतीनं वापरली होती. मूल स्वतःच्या घराबद्दल बोलायला तयार नसतं, पण बाहुल्यांच्या किंवा गोष्टीतल्या घराबद्दल तासभर बोलू शकतं. त्याला ‘हे तुझंच ना?’ असं विचारायचं नाही. बाहुलीचं बाहुलीपाशीच ठेवायचं. हे मोठ्यांना फार अवघड जातं. आपल्याला शेवटी नाव घेऊन तात्पर्य काढायची खोड असते.

मग सिग्नलचा खेळ. मुलं आपल्या अडचणी सांगतात आणि प्रत्येक अडचण लाल की हिरवी ते ठरवतात. हिरवी म्हणजे जिच्याबाबत मुलाला काही करता येतं. लाल म्हणजे जी मुलाच्या हातात नाही. आईबाबांना परत एकत्र आणणं: लाल. बाबा पोटगी वेळेवर देत नाहीत: लाल. आईला रात्री रडू येतं: लाल, आणि इथं मुलं थबकतात, कारण त्यांना ते आपलंच काम वाटत असतं. ‘बाबांना सांग, फी भरायची राहिलीय’ असा निरोप आई माझ्याकडूनच पाठवते: हा हिरवा. काय म्हणता येईल, कोणत्या शब्दांत, कधी, हे गटात करून पाहता येतं. दोन घरांमुळे वह्या एकीकडे राहतात: हिरवा. शनिवारच्या भेटीला बाबा आलेच नाहीत: लाल, पण त्या संध्याकाळचं काय करायचं, हे हिरवं.

माझ्या मते या सगळ्या कामाचा गाभा इथं आहे. या गटांकडे सहसा सांत्वनाची जागा म्हणून पाहिलं जातं: मुलांनी यावं, रडावं, हलकं व्हावं. रडतात मुलं, हलकीही होतात. पण सांत्वन आजीही करते आणि कित्येकदा जास्त चांगलं करते. गट जे करतो ते निराळं आहे. मोडलेल्या घरातल्या मुलानं न सांगता एक नोकरी पत्करलेली असते: घर पुन्हा जोडण्याची, किंवा निदान उरलेलं सांभाळण्याची. त्या नोकरीपायी एखादं मूल वारंवार आजारी पडतं, कारण तापात दोघंही उशाशी येतात. एखादं अभ्यासात मुद्दाम घसरतं, कारण मुख्याध्यापकांनी दोघांनाही बोलावलं की ती दोघं एका बाकावर बसतात. एखादं इतकं शहाण्यासारखं वागतं की शिक्षक त्याचं कौतुक करतात आणि त्याच्यात काही बिनसलंय हे कोणाच्या लक्षातच येत नाही. या मुलाला ‘तुझी चूक नाही’ एवढं सांगून भागत नाही. चूक त्याची नाही, आणि दुरुस्तीही त्याची नाही, हे त्याच्या मनात उतरावं लागतं. आधी त्या नोकरीतून त्याला मोकळं करायचं, आणि मग जे खरोखर त्याच्या हातात आहे तेवढं त्याच्या हातात द्यायचं. नुसतं मोकळं केलं तर मूल हताश होतं. नुसतं हातात दिलं तर ते पुन्हा कामाला जुंपलं जातं.

आणि हे पटवायला दुसरं मूल लागतं. मोठ्या माणसानं सांगितलेलं मूल ऐकून घेतं, पण त्याला एव्हाना ठाऊक झालेलं असतं की मोठी माणसं धीर देण्यासाठी काहीही बोलतात. वर्षभरापूर्वी ‘आमचं काही भांडण नाही’ असंही तीच बोलली होती. समोरचा नऊ वर्षांचा मुलगा जेव्हा म्हणतो की मीही महिनाभर एकदम गुणी वागून पाहिलं, काही उपयोग झाला नाही, तेव्हा त्याला खोटं बोलायचं काही कारण नसतं. रॉचेस्टरच्या गटांत मुलं टीव्हीवरच्या तज्ज्ञांचं सोंग घेतात. एक जण निवेदक, बाकीचे घटस्फोट या विषयातले तज्ज्ञ, प्रेक्षकांतून प्रश्न येतात आणि तज्ज्ञ उत्तरं देतात. पाहणाऱ्याला हसू येतं. पण घरात ज्याला कोणी काही विचारत नाही, त्याला इथं चारचौघांत सल्ला विचारला जातो.

उपयोग होतो का? रॉचेस्टरच्या मंडळींनी सुरुवातीपासून हे मोजलं: मुलांना विचारलं, पालकांना विचारलं, शिक्षकांना विचारलं, आणि गटात न बसलेल्या तशाच मुलांशी तुलना केली. काळजी कमी झाली, वर्गातलं वागणं सुधारलं, घरी बोलणं वाढलं. सर्वांत लहान मुलांकडे दोन वर्षांनी परत जाऊन पाहिलं तेव्हाही फरक टिकून होता. त्यांतला एक पुरावा मला फार आवडतो: गटात बसलेली मुलं शाळेतल्या परिचारिकेच्या खोलीत कमी वेळा जात होती. शाळेत काम केलेल्या कोणालाही त्याचा अर्थ सांगावा लागणार नाही. पोटात दुखतंय म्हणून दुसऱ्या तासाला उठून येणारी मुलं आपण सगळ्यांनी पाहिलेली आहेत.

हाच कार्यक्रम नेदरलँड्समध्ये ‘धीट डायनो’ अशा अर्थाच्या नावानं सहा ते आठ वर्षांच्या मुलांसाठी रुजला. तिथं २००९ पासून वेगळं होणाऱ्या आईवडिलांना मुलांच्या संगोपनाची योजना लिहून द्यावी लागते, आणि ती करताना मुलांना कसं सामील केलं हेही त्यात नोंदवावं लागतं. डेन्मार्कमध्ये अनेक शाळा असे गट चालवतात. बाकीच्या देशांची यादी मी देत नाही. रीत सगळीकडे थोड्याफार फरकानं तीच आहे.

आता विरुद्ध बाजूचा पुरावा, कारण तो न सांगता पुस्तिका हातात देणं बरं नाही. अ‍ॅरिझोना राज्य विद्यापीठात शार्लीन वोल्चिक आणि अर्विन सँडलर यांनी २४० कुटुंबांवर एक काटेकोर प्रयोग केला. मुलं नऊ ते बारा वर्षांची. काही आयांना अकरा बैठकांचं प्रशिक्षण दिलं: मुलाशी नातं कसं घट्ट करायचं, शिस्त कशी सांभाळायची, भांडणं मुलाच्या कानावरून कशी दूर ठेवायची. काही घरांत आईच्या बैठकांबरोबर मुलाचाही स्वतंत्र गट घेतला. उरलेल्यांना फक्त पुस्तकं दिली. सहा वर्षांनी पाहिलं तर कार्यक्रमातल्या मुलांमध्ये मानसिक आजारांचं प्रमाण स्पष्टपणे कमी होतं. निष्कर्ष २००२ साली छापून आले. पण आई अधिक मूल असा दुहेरी कार्यक्रम हा एकट्या आईच्या कार्यक्रमापेक्षा सरस ठरला नाही. म्हणजे मुलांच्या गटानं वर काही भर घातली नाही.

हे वाचून मुलांचे गट बंद करावेत असं काहींना वाटलं. मला तसं वाटत नाही, पण त्या निष्कर्षाला बगल देऊनही चालणार नाही. घरातलं भांडण चालूच राहिलं, आई खचलेलीच राहिली, बाप फिरकलाच नाही, तर आठवड्याचा एक तास त्या सगळ्याला पुरा पडत नाही. ज्याला जमेल त्यानं आधी पालकांबरोबर काम करावं. मात्र अ‍ॅरिझोनाच्या प्रयोगात आलेल्या आया या यायला तयार असलेल्या आया होत्या. ज्या घरातून कोणीच येणार नाही, ज्या आईला दोन पाळ्या करून अकरा संध्याकाळी काढणं शक्य नाही, ज्या बापाला समुपदेशन म्हणजे बायकोच्या बाजूचा डाव वाटतो, त्यांची मुलंही शाळेत येतातच. त्यांच्यापर्यंत पोहोचणारी दुसरी वाट नाही, म्हणून शाळेतला गट. त्याच्याकडून यापेक्षा मोठी अपेक्षा ठेवू नये.

दुसरा इशारा किशोरवयीनांबाबत. टॉमस डिशन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली दाखवून दिलं की बेशिस्तीकडे झुकलेल्या मुलांना एकत्र बसवलं तर ती एकमेकांकडून बेशिस्तच शिकू शकतात. मदत म्हणून काढलेला गट अपायही करतो. म्हणून चौदा-पंधरा वर्षांच्या, आधीच शाळा बुडवणाऱ्या मुलांचा वेगळा गट काढण्याचा मोह टाळावा. गटात निरनिराळ्या स्वभावांची मुलं हवीत, आणि घडी बसलेली एक-दोन जुनी मुलं तरी हवीतच.

आता आपल्याकडचं. २०११ च्या जनगणनेत भारतात सुमारे साडेतेरा लाख माणसांनी स्वतःची नोंद घटस्फोटित अशी केली. विभक्त राहणाऱ्यांची संख्या त्याच्या जवळजवळ तिप्पट होती. हा तिपटीचा फरक आपल्या कामाची दिशा बदलतो. अमेरिकेतल्या मुलाजवळ निदान एक तारीख असते, ज्या दिवशी लग्न कायद्यानं संपलं. आपल्याकडच्या बहुसंख्य मुलांजवळ ती नसते. आई माहेरी आली ती आली. केस नाही, निकाल नाही, पोटगी नाही. महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. निशा शिवूरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगमनेरला १९८८ साली परित्यक्तांची परिषद भरवली, तेव्हापासून टाकलेल्या बायकांचा प्रश्न चव्हाट्यावर आहे. त्या चळवळीनं रेशनकार्ड, पोटगी, घर, मालमत्ता यांवर भांडण मांडलं, ते बरोबरच होतं. त्या बायकांच्या कडेवर जी मुलं होती, त्यांच्यासाठी वेगळं काही करायला हवं हे मात्र कोणाच्या यादीत फारसं वर आलं नाही. म्हणून या पुस्तिकेतल्या गटांत प्रवेशासाठी निकालाची प्रत मागितलेली नाही. आईवडील एका घरात राहत नाहीत, एवढं पुरे.

दुसरा फरक घराच्या घडणीचा. आपलं मूल बहुधा आजोळी वाढतं. तिथं मामा-मामी असतात, आजोबांची पेन्शन असते, आणि जेवताना जावयाचा उद्धार असतो. माया भरपूर मिळते आणि तिच्याबरोबर बाजूही निवडून मिळते. ‘अगदी बापावर गेलास’ हे वाक्य पाश्चात्त्य आराखड्यांत सापडणार नाही. आपल्या सत्रांत त्यासाठी अर्धा तास ठेवावा लागतो. मग शेजार. ‘बाबा दुबईला असतात’ किंवा ‘बंगलोरला बदली झालीय’ ही उत्तरं मुलं पाठ करतात, कधी आईच्या सांगण्यावरून, कधी स्वतःहून. गटात पहिल्या दोन-तीन बैठकांत कोणाचा ना कोणाचा बाप दुबईला असतोच. त्याला तिथंच राहू द्यावं. मूल आपल्या वेळेनं त्याला परत आणतं.

गटात बसून बोलायची रीत आपल्याला परकी आहे, हे मला मान्य नाही. पुण्यात मुक्तांगणनं व्यसनी माणसांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ गट चालवले आणि कधी माजघराबाहेर न बोललेल्या बायका त्यात बोलू लागल्या. तिकडे अमेरिकेतही दारुड्या आईबापांच्या किशोरवयीन मुलांचे गट १९५७ पासून भरतात, म्हणजे घटस्फोटाच्या गटांच्या कितीतरी आधी. बालभवनं, संस्कारवर्ग, सेवादलाच्या शाखा यांतून मुलांना गोलात बसवण्याचा अनुभव असलेली माणसं गावोगाव आहेत. त्यांना मानसशास्त्राची पदवी नाही, पण गप्प बसलेल्या मुलाला गप्प बसू देण्याची समज पुष्कळांकडे आहे. तिच्यावर पंधरा-वीस तासांचं नीट प्रशिक्षण आणि पाठीशी एक जाणता समुपदेशक मिळाला, तर काम चालू शकतं. प्रशिक्षणाशिवाय मात्र कोणी हौसेनं हा गट काढू नये. मुलाच्या तोंडून सगळं बाहेर काढायचं आणि मग ते कुठे ठेवायचं हे ठाऊक नाही, यापेक्षा न बोललेलं बरं.

कायद्याच्या दोन गोष्टी. गटातलं बोलणं गटातच राहील असं आपण मुलांना सांगतो, पण ते बिनशर्त सांगू नये. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर ती पोलिसांपर्यंत नेणं बंधनकारक आहे. कोणी तुम्हाला इजा करत असेल तर मी मदत मागणार, हे पहिल्याच दिवशी मुलांच्या भाषेत सांगावं. दुसरी गोष्ट ताब्याच्या दाव्याची. दावा चालू असेल तर आज ना उद्या एखादा वकील किंवा पालक विचारायला येतोच: मूल गटात काय म्हणालं, कोणाकडे राहायचं म्हणालं, लिहून द्या. देऊ नये. प्रवेशाच्या वेळीच शक्यतो दोन्ही पालकांची सही घ्यावी आणि गटातलं काहीही दाव्यात वापरण्यासाठी मागणार नाही, असं त्या कागदावर लिहून घ्यावं. त्यानं न्यायालयाचे हात बांधले जात नाहीत, पण पुष्कळसे पालक दारातच सावध होतात. मुलांची चित्रं मुलांनाच परत द्यावीत. नोंदवहीत हजेरी आणि घेतलेले खेळ, एवढंच असावं.

गटाच्या नावात घटस्फोट हा शब्द नको, विभक्तही नको. फलकावर ‘बुधवारचा गट’ असं लिहिलं तरी चालतं. वर्गातून मुलांना नावानं पुकारून उठवू नये. चिठ्ठी आधी वर्गशिक्षकांकडे द्यावी. नंतर आलेल्या मुलाला मधूनच घुसवू नये, त्याच्यासाठी पुढच्या गटाची वाट पाहावी. शेवटची बैठक कधी आहे हे पहिल्याच बैठकीत सांगून कॅलेंडरवर खूण करावी, कारण न सांगता संपलेल्या गोष्टी या मुलांनी आधीच पुरेशा पाहिलेल्या आहेत. खाऊ ठेवावा, आणि तो बोलल्याचं बक्षीस म्हणून नव्हे तर सुरुवातीलाच द्यावा.

वेळापत्रकाबाबत मुख्याध्यापकांशी वाद होईल, त्याची तयारी ठेवा. ते म्हणतील, गणित-इंग्रजी बुडवता येणार नाही, खेळाचा तास घ्या. खेळाचा तास घेऊ नका. त्या एका तासाला या मुलांना बाकीच्यांसारखं मैदानात धावता येतं, आणि तो गेला तर तिसऱ्या आठवड्यापासून गटात कोणी येणार नाही. कार्यानुभवाचा तास मागा, डब्याच्या सुट्टीला जोडून पंधरा मिनिटं वाढवून मागा, शाळा सुटल्यावरची वेळ मागा. शाळा सुटल्यावर बसायचं ठरलं तर रिक्षावाल्या काकांना आदल्या दिवशी सांगून ठेवा.